फुरसतीचा रकाना

‘सरकार फुकट द्यायला लागले आणि रोवणीला बाया मिळेनाशा झाल्या’, हे वाक्य आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत धानाच्या हंगामात हमखास ऐकू येते. मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला, अर्थशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण शब्द तोलायची सवय आहे. म्हणून हे वाक्य तोलून पाहू.

अर्थशास्त्रज्ञ अशा प्रश्नाचा नमुना मांडतात. घरातल्या कोणी किती तास काम केले तर हातात काय येईल, कर किती जाईल, मदत किती मिळेल, याचे रकाने पाडतात. मजुरी नसलेल्या वेळेच्या रकान्यावर बहुधा लिहिलेले असते, ‘फुरसत’.

आधी कर पाहा. रोजगार हमीच्या खर्चासाठी 1975 साली आपल्या राज्यात व्यवसाय कर आला. त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये. ती गाठलेल्या नोकरदाराने कितीही जास्त काम केले तरी हा कर वाढत नाही. त्यापायी कोणी काम कमी करीत नाही.

मदतीचे तसे नसते. 2024 च्या लाडकी बहीण योजनेत महिन्याला 1,500, म्हणजे वर्षाला 18,000 रुपये ठरले. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. नियम काटेकोर लावला आणि घरात एकच लाभार्थी धरली, तर अडीच लाख कमावणाऱ्या घरात 2,68,000 रुपये येतात. पाच हजार जास्त कमावणाऱ्या घरात 2,55,000! काठावरच्या अशा घराने हात आखडला, तर तो आळस नव्हे, साधी वजाबाकी आहे.

रोवणीला जाणाऱ्या बाईचे घर मात्र सहसा त्या काठाच्या बरेच अलीकडे असते. तिचा हिशेब निराळा. मार्च-एप्रिलात मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, सत्तर पानांचा एक पुडा. त्याच उन्हाळ्यात मामा तलावाच्या खोलीकरणाचे रोहयोचे काम निघते. पहाटे पडलेला मोह वेचला नाही तर गेला. तलावाची माती उद्याही तिथेच असते. मोह विकला की नगद मिळते. मस्टरचे पैसे खात्यात यायला वाट पाहावी लागते. ती तलावावर गेली नाही, म्हणून घरी बसली असे होत नाही.

माझी अम्मी पहाटेच्या नमाजपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत राबायची. नमुन्यात बसवली, तर ती जन्मभर फुरसतीतच होती!

आणखी एक गोष्ट. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या राज्याच्या 1977 च्या कायद्याने गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला कामाची हमी दिली. केंद्राच्या 2005 च्या कायद्याने 100 दिवस दिले, ते कुटुंबाला. नवऱ्याने साठ घेतले, तर त्या हिशेबात बायकोला चाळीस. पुढचे दिवस आपल्या राज्याने स्वतःच्या तिजोरीतून दिले, ही चांगली गोष्ट. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या कायद्यात दिवस 125 झाले, पण मोजणी कुटुंबाचीच राहिली. घर म्हणजे एकच माणूस, असे कागद धरून चालतो. घरात मात्र दोघांचे दिवस वेगळे उगवतात.

तेव्हा ‘फुरसत’ हा शब्द खोडून तिथे मोह, सरपण, पाणी, लेकरे असे लिहावे, आणि प्रत्येक बाईचा रकाना वेगळा पाडावा. तेवढे झाले की रोवणीला बाया का मिळत नाहीत, हे बायांनाच विचारता येईल. विचारताना यंदाची मजुरी किती देणार, हेही सांगून टाकावे.