अळंबी तिथली, छत्री इथली

(मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. आपल्या बे एरियात पावसाला सुरुवात होते ती साधारण दिवाळीनंतर, म्हणून ते या अंकात देत आहोत.)

तिळगूळ सगळ्यांना मिळाला ना? मग पुढची वीस मिनिटं माझं थोडं कडू बोलणं गोड मानून घ्या.

कार्यक्रमपत्रिकेत विषय 'रानातली अळंबी' असा छापलाय, त्यामुळे निम्मी मंडळी रेसिपीच्या आशेने बसली असणार. रेसिपी आहे. पण आधी हात वर करा पाहू, ह्या हिवाळ्यात कुणाकडे आई-बाबा किंवा सासू-सासरे आले आहेत? बघा, बरेच हात आहेत. आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे, आणि ते इथे बसले असतील तर त्यांच्यासाठी तर आहेच.

ही मंडळी रोज सकाळी फिरायला जातात. पार्कात मोठमोठे ओक असतात. पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की त्या ओकांखाली छत्र्या उगवतात. गुबगुबीत, स्वच्छ, अगदी बाजारात मांडल्यासारख्या. कोकणात किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाचे पाय तिथे थबकणारच. आणि मनात येणार, "एवढी सुंदर अळंबी फुकट पडलीयेत, आणि तुम्ही दुकानातून डबीतली आणता?"

आता आजींना अळंबी कळतात हे शंभर टक्के खरं आहे. त्यांच्या ज्ञानाला नावं ठेवायला मी इथे उभी नाही. पण ते ज्ञान कशावर उभं आहे ते बघा. आपल्याकडे पावसाळ्यात, गणपतीच्या आगेमागे जी अळंबी मिळतात, ज्यांना गोव्यात रोण ओळमी म्हणतात, ती वारुळाशी बांधलेली असतात. वाळवी वारुळाच्या पोटात चक्क शेती करते. वाळक्या पाल्याच्या, लाकडाच्या चोथ्यावर ती बुरशी वाढवते आणि खाते. पावसाळ्यात त्याच बुरशीला वर छत्र्या फुटतात. दांडा मुळासारखा लांबच लांब खाली, थेट वारुळापर्यंत गेलेला असतो. गावातल्या बाईला जागा पक्की ठाऊक असते, दरवर्षी तीच, आणि ती सख्ख्या जावेलाही सांगत नाही! जागा, महिना, तो लांब दांडा, वास, एवढ्या खुणा जुळल्या की मगच तिचा हात पुढे होतो. बाकी सगळं 'कुत्र्याची छत्री' म्हणून सोडून द्यायचं. पिढ्यान् पिढ्या पारखलेली ही पद्धत आहे.

पण मंडळी, ही शेती करणारी वाळवी आफ्रिकेत आणि आशियात आहे, अमेरिका खंडात नाही. वाळवी नाही म्हणजे तिची अळंबीही नाही. त्यामुळे इथल्या पार्कात "ही आपलीच अळंबी" असं वाटलं तर ती आपली नसते, एवढं मात्र खात्रीने सांगता येतं. आजींची परीक्षा बरोबर आहे, फक्त प्रश्नपत्रिका दुसऱ्याच विषयाची आहे.

मग ओकाखाली असतं काय? बऱ्याच गोष्टी असतात, पण त्यांतली एक ओळखायलाच हवी. तिला इथे डेथ कॅप म्हणतात, शास्त्रीय नाव अमानिटा फॅलॉइडिस. ही मूळची युरोपातली. तिकडून आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर ती कॅलिफोर्नियात आली. मॉन्टेरेच्या एका जुन्या हॉटेलच्या बागेतली तिची नोंद १९३८ सालची आहे. मग इथल्या कोस्ट लाइव्ह ओकशी तिचं असं काही जमलं की आता बे एरियात ती पार्कांत आहे, रस्त्याकडेला आहे, लोकांच्या बॅकयार्डातही आहे. आपल्यासारखीच बाहेरून येऊन स्थायिक झालेली, पण तिला ग्रीन कार्डाची रांग लागली नाही.

टोपी फिकट हिरवट-पिवळी, कधी कधी जवळजवळ पांढरी. टोपीखालच्या पात्या पांढऱ्या. दांड्यावर झग्याच्या झालरीसारखी एक कडी. आणि बुडाशी, मातीत अर्धी दडलेली, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी. ही पिशवी महत्त्वाची आहे. छत्री वरून खुडली तर ती मातीतच राहते आणि खूणच हरवते. म्हणून ओळख पटवायची असेल तर सुरीने खालून उकरून अख्खी काढायची. हात लावल्याने विष बाधत नाही, ते पोटात गेलं तरच बाधतं. काढा, बघा, हात धुवा.

कोवळी असताना ती अख्खीच्या अख्खी पांढऱ्या अंड्यासारखी असते, आणि भाताच्या पेंढ्यावर येणारी जी अळंबी आशियात आवडीने खातात, चायनीज दुकानात डब्यात मिळतात तीच, तीही कोवळेपणी अशीच दिसते. आग्नेय आशियातून आलेल्या कुटुंबांना या अमेरिकेत विषबाधा झाल्या त्या बऱ्याचदा ह्याच साम्यामुळे. तीही घरची जाणती माणसंच होती. फरक आहे, पण पूर्ण उमलल्यावर दिसतो. पेंढ्यावरच्या अळंबीच्या पात्या गुलाबी होतात आणि दांड्यावर कडी नसते. अंड्याच्या अवस्थेत हे काहीच दिसत नाही.

आता घरगुती चाचण्यांबद्दल, कारण त्या प्रत्येक घरात आहेत. चांदीचा चमचा टाकून बघायचा, काळा पडला तर विषारी. लसूण किंवा तांदूळ टाकायचे, रंग बदलला तर विषारी. किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली. टोपीची साल निघाली तर चांगली. मंडळी, ह्यांतली एकही खरी नाही. डेथ कॅपमध्ये चमचा लखलखीत राहतो, आणि गोगलगायी ती मजेत खातात. उकळा, तळा, वाळवा, फ्रीजरमध्ये ठेवा, तिचं विष जात नाही. चवीवरही भरवसा नको. वाचलेल्या लोकांनी सांगितलंय की चव छान होती!

सगळ्यांत फसवं आहे ते तिचं वेळापत्रक. जेवल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीही होत नाही. मग जोराच्या उलट्या आणि जुलाब. आपण म्हणतो, फूड पॉइझनिंग असेल, लिंबू-साखर-मिठाचं पाणी द्या. एखाद्या दिवसाने ते थांबतं, माणूस उठून बसतो, चहा मागतो. घरच्यांना हायसं वाटतं. आणि नेमक्या त्याच वेळात आत यकृत, म्हणजे लिव्हर, मरत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागतात तेव्हा फार उशीर झालेला असू शकतो. जेवणानंतर सहा तास उलटून गेल्यावर त्रास सुरू झाला तर ते जास्त घाबरण्याचं लक्षण आहे, कमी नव्हे. ही एक गोष्ट घरी गेल्यावर आजींना, बेबीसिटरला, सगळ्यांना सांगा.

डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या उत्तर कॅलिफोर्नियात १४ जणांना ह्या डेथ कॅपची बाधा झाली. सगळे वाचले, पण तिघांना लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागलं. त्यांत दीड वर्षाची एक मुलगी होती, तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या कुटुंबाने मश्रूम स्वतः गोळा केले नव्हते, कुणीतरी डोंगरावरून आणून दिले होते. तेव्हा कुणी प्रेमाने पिशवी भरून आणली तरी हात जोडून 'नको' म्हणा. आपल्याला 'नको' म्हणणं जड जातं, मला माहीत आहे.

आणि शंका आली तर लक्षणांची वाट बघत बसू नका. पॉइझन कंट्रोलचा नंबर आहे १-८००-२२२-१२२२. अमेरिकेत कुठूनही, चोवीस तास, फुकट. दुभाषाही मिळतो. इन्शुरन्स आहे का, आई व्हिजिटर व्हिसावर आहे, असले विचार बाजूला ठेवून आधी फोन करा. माणूस शुद्धीत नसेल किंवा श्वास नीट चालत नसेल तर सरळ ९११. उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, फेकू नका, हॉस्पिटलात बरोबर न्या. त्यावरून डॉक्टरांचे बरेच तास वाचतात.

मागून कुणीतरी विचारलं, "फोनवरच्या अॅपने ओळखलं तर?" अॅप शिकायला छान आहे, मी रोज वापरते. पण अॅप फोटो बघतं. मातीतली पिशवी, वास, दांड्याचा कट त्याला दिसत नाही. जेवणाचा निर्णय त्याच्यावर सोडू नका.

मग काहीच गोळा करायचं नाही का? का नाही! मी स्वतः दर हिवाळ्यात करते. पण आपल्या आज्या जशा शिकल्या तशीच शिकले, जाणत्या माणसाच्या मागे मागे हिंडून. सॅन फ्रान्सिस्कोची मायकॉलॉजिकल सोसायटी १९५० पासून आहे, त्यांच्याबरोबर जा, मुलांना न्या. सुरुवातीला एकच जात शिका. माझं मत विचाराल तर शँटरेल. इथल्या ओकांखालीच येतो, जर्दाळूसारखा पिवळा. खाली सुट्या पात्या नसतात, दांड्यावर उतरत गेलेल्या बोथट सुरकुत्या असतात, आणि चिरला की आत पांढरा. त्याची नक्कल करणारा जॅक-ओ-लँटर्न लाकडावर किंवा पुरलेल्या बुंध्यावर येतो, त्याला खऱ्या, धारदार पात्या असतात, आणि आतूनही तो पांढरा नसतो. त्याने माणूस मरत नाही, पण रात्रभर उलट्यांनी बेजार होतो. एका पिशवीत दोन जाती मिसळू नका. जाणत्याने प्रत्येक नग बघितल्याशिवाय कढई चढवू नका. पहिल्यांदा अगदी थोडं खा, आणि एक कच्चा नग बाजूला ठेवा. आणि हो, ईस्ट बेच्या रीजनल पार्कांत गोळा करायला मनाई आहे. सॉल्ट पॉइंटला परवानगी असते, पण दिवसाची मर्यादा आहे. निघण्याआधी नियम बघून घ्या.

आता रेसिपी. शँटरेल ब्रशने झाडून घ्यायचे, हाताने उभे फाडायचे. कोरड्या कढईत टाकायचे, त्यांचं त्यांनाच पाणी सुटतं, ते आटू द्यायचं. मग थोडं तेल, ठेचलेला लसूण, आणि घरात असेल ते कांदा-खोबऱ्याचं वाटप. तांदळाची भाकरी असेल तर फारच छान. कच्चे मात्र खायचे नाहीत.

मागच्या टेबलावर दोन ताटं ठेवली आहेत. डाव्या ताटात शँटरेल, उजव्यात डेथ कॅप, कोवळी आणि उमललेली दोन्ही. आजी-आजोबांनी आधी यावं, उजवीकडचं हातात घेऊन बुडाची पिशवी बघावी. शेजारी साबण-पाण्याची सोय आहे. तिळगुळाचं ताट मुद्दाम हॉलच्या दुसऱ्या टोकाला हलवलंय, ते कृपया इकडे आणू नका.