जुना प्रोग्रॅम सांभाळताना

रांजणगाव म्हटले की दोन गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात. एक, अष्टविनायकांपैकी महागणपती आणि दुसरी, औद्योगिक वसाहत. वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. मी आज बोलणार आहे ते त्यांच्या आसपासच्या लहान कारखान्यांच्या, पतसंस्थांच्या आणि आडतीच्या गाळ्यांच्या कचेऱ्यांविषयी. तिथे कोपऱ्यातल्या एखाद्या संगणकावर अजूनही फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालतो आणि त्याच्यावर पन्नास-शंभर घरांचा पगार निघतो.

मी कविता लिहितो, पण चूल पेटली ती हजेरी आणि पगारपत्रकांवर. बी. ए. झाल्यावर, १९९०च्या दशकात, माझ्यासारख्या अनेकांनी फॉक्सप्रोचा क्लास केला. माहिती तक्त्यांत ठेवायची, ती भरायला पडदा तयार करायचा आणि महिनाअखेर अहवाल छापायचा. हे सारे थोड्या दिवसांत जमवून देणारे ते साधन होते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीचे हे अपत्य. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ती कंपनी घेतली. १९९५ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो आले, २००४ मध्ये त्याची नववी आवृत्ती निघाली आणि दहावी निघणार नाही, असे २००७ मध्ये जाहीर झाले. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीचा उरलासुरला आधारही संपला.

आधार संपला, प्रोग्रॅम मात्र थांबले नाहीत. डॉसच्या काळातले फॉक्सप्रो आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाही, व्हिज्युअल फॉक्सप्रो मात्र चालते. त्यामुळे कुठल्यातरी तरुण मुलाच्या हाती एक दिवस असा जुना प्रोग्रॅम येतो. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. त्या मुलासाठी, आणि त्याच्या मालकासाठीही, या चार गोष्टी.

पहिली गोष्ट राखण प्रतीची, म्हणजे बॅकअपची. फॉक्सप्रोचा तक्ता एकटा राहत नाही. डीबीएफ ही मुख्य फाइल. तिच्याबरोबर सीडीएक्स, म्हणजे अनुक्रमणिका आणि लांब मजकुराची मेमो-रकाने असतील तर एफपीटी. प्रत काढताना तिन्ही एकत्र घ्या. एफपीटी मागे राहिली तर तक्ता उघडायलाच नकार देतो. प्रत घेताना सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर यायला सांगा. आणि घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहा. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली नोटांची गड्डी. प्रोग्रॅमच्या मूळ मजकुराचीही अशीच प्रत हवी. नुसती ईएक्सई फाइल जपून उद्याची दुरुस्ती होत नाही.

दुसरी गोष्ट पुसण्याची. फॉक्सप्रोमध्ये ‘डिलीट’ म्हटले की नोंद जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. ‘रिकॉल’ म्हटले की ती परत येते. कायमची जाते ती ‘पॅक’ केल्यावर. ‘झॅप’ तर सगळा तक्ताच रिकामा करतो. म्हणून ताजी प्रत हातात असल्याशिवाय पॅक करू नये. उलट, एखाद्याची नोंद सापडत नसेल तर घाबरून जाऊ नका, खूण केलेल्या नोंदी दाखवायला सांगून पाहा. ती बहुधा तिथेच बसलेली असते.

वीज मध्येच गेली की अनुक्रमणिका बिघडते. नोंद तक्त्यात असते, पण शोधल्यावर मिळत नाही. अशा वेळी पुष्कळ जण ‘रीइंडेक्स’ करतात. पण ती आज्ञा बिघडलेल्या फाइलीतलीच माहिती वाचून काम करते. त्यापेक्षा जुनी अनुक्रमणिका काढून टाकून नवी बांधावी आणि त्या बांधणीच्या आज्ञा एका वेगळ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवाव्यात. आणखी एक, कोणताही तक्ता दोन जीबीपलीकडे वाढत नाही. त्याआधीच जुनी वर्षे वेगळी काढा.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि इथे जरा थांबतो. फॉक्सप्रोला सांगितले नाही तर ते तारीख अमेरिकन पद्धतीने वाचते, आधी महिना, मग दिवस. आपण लिहितो आधी दिवस. नगर रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्यात बाहेरच्या माणसाने जुनी माहिती नव्या तक्त्यात भरून दिली होती. तिथला एक फिटर ३० सप्टेंबर २०१९ला निवृत्त झाला. तो रुजू झाला होता ७ मार्च १९९६ला. नव्या तक्त्यात तारीख होती ३ जुलै १९९६.

चार महिन्यांनी काय बिघडते, असे कुणी म्हणेल. ग्रॅच्युइटीच्या १९७२च्या कायद्यात प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार धरला जायचा आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त भरले तर तेही पूर्ण वर्ष मोजले जायचे. मार्चपासून धरले तर त्याची नोकरी तेवीस वर्षे सहा महिन्यांहून अधिक, म्हणजे चोवीस वर्षे. जुलैपासून धरले तर तेवीसच. पंधरा दिवसांचा पगार हवेत! त्याने घरून नेमणुकीचे पत्र आणले, मी जुना मस्टर काढला आणि हिशेब नीट झाला. पण पत्र सापडले नसते तर?

अशी अदलाबदल ओळखायची खूण सोपी आहे. बारा तारखेपर्यंतचे दिवस उलटून महिना बनतात आणि खरे वाटतात. तेरा तारखेपासून पुढचे दिवस महिना बनू शकत नाहीत, म्हणून ते रकाने रिकामे राहतात. माहिती हलवल्यावर तारखेचे रिकामे रकाने मोजा. ते एकाएकी वाढले असतील, तर भरलेल्या तारखांवरही विश्वास ठेवू नका. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ‘सेट डेट ब्रिटिश’ आणि ‘सेट सेंच्युरी ऑन’ या दोन ओळी असू द्या.

चौथी गोष्ट नावांची. जुन्या प्रोग्रॅममधली मराठी श्री-लिपी, आकृती अशा फॉन्टांत आहे. त्या फाइलीत खरे तर अक्षरे नसून अक्षरांची चित्रे साठवलेली असतात, ज्या क्रमाने डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. ‘शिरूर’ लिहिताना आधी वेलांटी, मग श. त्यामुळे गावांची यादी लावली की शिक्रापूर, निमगाव, पिंपळे ही सगळी एका जागी गोळा होतात, कारण सगळ्यांचे पहिले चित्र वेलांटीचे! युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, श आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे उलटे. ‘सूर्यकांत’मध्ये जुन्या फॉन्टात रफार य नंतर येतो, युनिकोडमध्ये य च्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला ही उलथापालथ जमली पाहिजे. म्हणून आधी अवघड नावांची एक यादी करा, निर्मला, सूर्यकांत, कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, आणि तिच्यावर परीक्षा घ्या. ती पास झाल्यावरच पूर्ण तक्ता हलवा.

आणि नावावरून दोन तक्ते कधीही जोडू नका. आमच्याकडे एकाच माणसाचे नाव हजेरीत महंमद, पगारात मोहम्मद आणि भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर मुहम्मद असते. तिघेही एकच, हे आईला कळते, संगणकाला कळत नाही. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि सगळीकडे तोच वापरा.

एक दिवस हा प्रोग्रॅम सोडावा लागणारच. माहिती सीएसव्ही फाइलीत काढून घ्या, पण मेमोचे रकाने त्या आज्ञेने बाहेर येत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात. ती फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडली तर ००४५ हा पास क्रमांक ४५ होतो, म्हणून तो रकाना मजकूर म्हणून घ्या. मग निदान तीन महिने जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवा. दोन्ही पगारपत्रकांच्या बेरजा रुपयाला रुपया जुळल्या पाहिजेत. बेरीज जुळली तरी दहा-वीस माणसांच्या ओळी हाताने ताडून पाहा आणि त्यात निवृत्तीला आलेले कामगार आधी घ्या. त्यांच्याकडे चूक दुरुस्त करून घ्यायला पुढचा महिना नसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)