पायांनी सोडवलेले गणित



"आमच्या मुलीला गणित जमत नाही," हे वाक्य अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत अनेक घरांत ऐकू येते. एकदा हा शिक्का बसला, की पुढच्या शिक्षणाची कितीतरी दारे तिला आपोआप बंद होतात. म्हणून आज आपणापुढे एक वेगळा दाखला ठेवतो. तो आहे नृत्याचा.

कथ्थकमधली तिहाई पाहा. त्रितालाच्या मात्रा 16. एकच बोल तीनदा नाचायचा आणि शेवटचा ठोका पुढच्या समेवर, म्हणजे 17व्या मात्रेवर, पडला पाहिजे. बोल 5 मात्रांचा घेतला तर तीनदा 15, उरल्या 2. मधल्या दोन थांब्यांना, ज्यांना 'दम' म्हणतात, एकेक मात्रा दिली की पाय नेमका समेवर! बोल 4 मात्रांचा असेल तर उरतात 5. प्रत्येक दम अडीच मात्रांचा. अपूर्णांक इथे पायांना कळतो.

मुंबईचे आधुनिक नर्तक अस्ताद देबू (1947–2020) कथ्थक आणि कथकली शिकले होते. कोलकाता व चेन्नई येथील कर्णबधिर तरुणांना त्यांनी रंगमंचावर आणले. संगीत ऐकू न येणाऱ्यांना पावले जुळवायला मोजणीचा आणि खुणांचा आधार असतो.

तेव्हा पालकहो, मुलाला रागावण्यापूर्वी त्याच्याबरोबर टाळी धरून पाहा. आणि विद्यार्थी मित्रांनो, बोल 3 मात्रांचा असेल तर प्रत्येक दम किती मात्रांचा? उत्तर वहीत नको, टाळीवर द्या.