जॉब कार्डावरची एक ओळ



कविता लिहिणाऱ्या माणसानं रेडिओवर येऊन ट्रकच्या बॅटरीवर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण माझं पोट कवितेवर चालत नाही. बी. ए. झालो आणि निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमधल्या एका कचेरीत बिल्टी लिहायला बसलो, तो आज केस पांढरे झाले तरी तिथंच आहे. माल कुठून निघाला, कुठं जायचा, नग किती, वजन किती, भाडं आधी की माल पोचल्यावर, हे लिहिणं माझं काम. दिवसा बिल्टी, रात्री कविता. कवितेत शब्द चुकला तर टीकाकार बोलतो. बिल्टीत चुकला तर नाक्यावर गाडी अडते. त्यामुळे कागदावरच्या शब्दाची किंमत मला कवितेपेक्षा बिल्टीनं जास्त शिकवली.

आमचे अब्बा 1972 च्या दुष्काळानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून पिंपरीला आले. 1962 मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीनं इथल्या माळावर कारखाने वसवायला सुरुवात केली होती. 1966 मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, इथं आली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या. 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि 2009 मध्ये तर मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने चाकणला सुरू झाले. या पट्ट्यात गाड्या तयार होतात, गाड्यांचे सुटे भाग तयार होतात, बॅटऱ्याही तयार होतात. आणि याच पट्ट्यात माझ्या धाकट्या भावाचा ट्रक बॅटरीसाठी एकोणीस दिवस उभा राहिला. त्याचीच ही हकिगत.

भाऊ ट्रकचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. सोबत एक क्लीनर. कर्ज काढून घेतलेली नवी गाडी, तिला अकरा महिने झाले होते. पावसाळ्याचे दिवस. चाकणच्या तळेगाव चौकाजवळ रात्री गाडी लावून तो झोपला आणि पहाटे पाचला एका कारखान्यातून माल भरायला निघाला. चावी फिरवली, सेल्फ मारला, तर नुसता 'टक्' असा आवाज. पुन्हा 'टक्'. खाली उतरून त्यानं बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं. दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी फुलून आली होती.

ही भुकटी कुठून येते, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरूनच झालं. आपल्या गाड्यांमध्ये असते ती शिसं आणि आम्ल यांची बॅटरी. फ्रान्समधल्या गास्ताँ प्लांते यानं 1859 मध्ये ती प्रथम बनवली. आत शिशाच्या पट्ट्या आणि पाण्यात मिसळलेलं गंधकाम्ल. एकेका कप्प्यातून साधारण दोन व्होल्ट मिळतात. सहा कप्पे मिळून बारा व्होल्टची एक बॅटरी, आणि मोठ्या ट्रकला अशा दोन जोडून चोवीस व्होल्ट. बॅटरी चार्ज होताना वायू सुटतो आणि त्याच्याबरोबर आम्लाचे बारीक कण बाहेर येतात. ते शिशाच्या टर्मिनलवर बसले की पांढरा थर धरतो. वायरच्या तांब्याला लागले की निळा-हिरवा थर येतो. हा निळा पदार्थ शेतकरी बांधवांच्या ओळखीचा आहे. द्राक्षांवर फवारायचं बोर्डो मिश्रण ज्यापासून करतात, तेच हे मोरचूद. हा थर वीज नीट जाऊ देत नाही. सेल्फला मोठा प्रवाह लागतो, तो वाटेतच अडतो आणि गाडी 'टक्' म्हणून थांबते.

थोडीशी भुकटी कुठल्याही बॅटरीवर धरते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशनं घासली की ती निघते. मात्र सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये, डोळे सांभाळायचे आणि जवळपास बिडी-काडी नको, कारण सुटणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो. उणे बाजूची वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. सगळं कोरडं करून, क्लॅम्प घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावायची. हे काम घरच्या सामानात होतं.

पण भुकटी वरचेवर आणि भरभरून येऊ लागली, तर नुसतं पुसत बसू नये. ताप आला म्हणजे आपण कपाळ पुसून गप्प बसतो का? क्लॅम्प सैल असेल, पाणी खुणेच्या वर भरलं असेल, टर्मिनलच्या बुडाशी बॅटरी झिरपत असेल. किंवा गाडीचा आल्टरनेटर गरजेपेक्षा जास्त वीज बॅटरीत ढकलत असेल. तसं असेल तर बॅटरी आतून उकळल्यासारखी होते, पाणी भराभर आटतं आणि आम्लाची वाफ बाहेर येत राहते. यातली काही कारणं मालकाच्या हयगयीची आहेत, काही बॅटरीच्या दोषाची, काही गाडीच्या दोषाची. भुकटी मात्र तिन्हींत सारखीच दिसते.

भावानं गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला मुलगा अदबीनं म्हणाला, "शेठ, बॅटरी आमच्या वॉरंटीत येत नाही. बॅटरी कंपनीकडं जावं लागेल." हे खोटं नव्हतं. नव्या गाडीबरोबर आलेल्या बॅटरीची आणि टायरची हमी बहुतेक वेळा गाडीची कंपनी देत नाही, ते ते बनवणारी कंपनी देते. वॉरंटीच्या पुस्तकात हे बारीक अक्षरात असतं. बॅटरीवाल्यांनी दोन्ही बॅटऱ्या तपासल्या आणि सांगितलं, "ओव्हरचार्जिंगनं गेल्या आहेत. दोष गाडीचा, आमच्याकडं बसत नाही." भाऊ पुन्हा सर्व्हिस सेंटरला. तिथं उत्तर आलं, "गाडी ठीक आहे. तुम्ही टर्मिनलची निगा ठेवली नाही." इकडं आड, तिकडं विहीर. दोन्ही दारं बंद, आणि बँकेचा हप्ता मात्र आपल्या तारखेला हजर.

सहाव्या दिवशी तो माझ्याकडं आला. "भाईजान, तुम्ही कागदातली माणसं. हे जरा बघा," म्हणाला. मी त्याचं जॉब कार्ड हातात घेतलं. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात लिहिलं होतं, 'बॅटरी टर्मिनलची निगा नाही. ग्राहकास समज दिली.' खाली माझ्या भावाची सही.

मी विचारलं, "हे तू सांगितलंस?" तो म्हणाला, "मी कशाला सांगू? मी म्हणालो, सेल्फ लागत नाही. मागच्या सर्व्हिसिंगलासुद्धा सांगितलं होतं की पाणी लवकर आटतं. पोरानं मान हलवली होती."

श्रोतेहो, मान हलवल्याची नोंद कुठल्याच कागदावर नसते. पाणी लवकर आटतं, ही त्याची तक्रार जास्त चार्जिंगचं पहिलं लक्षण होती. ती एक ओळ दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डावर असती, तर भांडण उभंच राहिलं नसतं. तक्रारीच्या रकान्यात आरोप लिहिला गेला, आणि माझ्या भावानं आपल्याविरुद्धच्या जबाबावर सही केली. तो अडाणी नाही, दहावी झालेला आहे. पण हाताला ग्रीस, डोक्यात माल पोचवायची वेळ, समोर बोट ठेवून 'इथं सही करा' म्हणणारा माणूस. अशा वेळी वाचतं कोण?

आमच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांनी दुसऱ्या बॅटऱ्या लावून गाडी सुरू केली, इंजिनाचा वेग वाढवला आणि मल्टिमीटर लावला. चोवीस व्होल्टच्या गाडीत चार्जिंग साधारण अठ्ठावीसच्या आसपास असावं. काटा एकतीसच्या पुढं गेला. मी त्या रात्री कविता बाजूला ठेवून अर्ज लिहिला. गाडी घेतल्याची तारीख, बॅटऱ्यांचे क्रमांक, पाणी आटत असल्याचं कधी सांगितलं ते, बॅटरीवाल्यांचा तपासणी अहवाल, आणि एकच मागणी: आमच्यासमोर चार्जिंग मोजा आणि आकडा कागदावर लिहा. एक प्रत गाडीच्या कंपनीला, एक बॅटरीच्या कंपनीला, पोचपावतीसह. आठवडाभरानं मोजणी झाली. आकडा तोच आला. आल्टरनेटर वॉरंटीत बदलून मिळाला. बॅटऱ्यांची निम्मी किंमत त्यांनी सोसली, निम्मी भावानं.

निम्मी का, तेही सांगायला हवं. भावानं दोनदा डिस्टिल्ड वॉटरऐवजी ढाब्यावरच्या बोअरचं पाणी टाकलं होतं आणि जादा दिवे, मोठा हॉर्न बाहेरून बसवून घेतले होते. त्यानं ते लपवलं नाही. आपली चूक आपण आधी मांडली की समोरच्याच्या चुकीवर बोट ठेवताना हात थरथरत नाही. पण एकोणीस दिवसांची बुडालेली भाडी कुणी दिली नाहीत, आणि ज्या कारखान्याचं नेहमीचं काम होतं, ते दुसऱ्या गाडीकडं गेलं ते गेलंच.

ही तडजोड झाली नसती तर? 'ट्रक म्हणजे धंदा, धंदेवाल्याला ग्राहक कायदा लागू नाही,' असं सांगून पुष्कळांना परत पाठवलं जातं. हे अर्धसत्य आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात निकाल दिला. वाद कारखान्यातल्या एका यंत्राचा होता आणि त्या उद्योगाला ग्राहक मानलं गेलं नाही. पण समजावताना न्यायालयानं ट्रकचंच उदाहरण घेतलं. पोटासाठी स्वतः चालवायला ट्रक घेणारा माणूस ग्राहकच, आणि मदतीला एखाद-दुसरा माणूस ठेवला म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. म्हणजे माझा भाऊही ग्राहक, सोबतीला क्लीनर असला तरी.

दुसरा निकाल गोव्यातल्या एका मोटारीचा, फेब्रुवारी 2021 चा. डीलरनं 2011 च्या मॉडेलचे पैसे घेऊन 2009 चं मॉडेल दिलं, खालच्या भागाला गंज चढलेला. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, डीलर आणि कंपनी हे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत. डीलरनं केलेलं कंपनीला ठाऊक होतं, असं दिसल्याशिवाय तिला जबाबदार धरता येणार नाही. यातून आपण घ्यायचं ते इतकंच, की तक्रारीत डीलर, गाडीची कंपनी आणि बॅटरीची कंपनी यांची नावं वेगवेगळी घालावीत आणि कुणाची चूक कोणती, ते वेगवेगळं सांगावं.

ग्राहक चळवळ आपल्याला परकी नाही. 1974 मध्ये पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील द्यायलाच हवा असं नाही. वस्तूतला दोष नुसत्या डोळ्यांना कळत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मुदत मात्र दोन वर्षांची. आणि आयोगापर्यंत जाण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

पण प्रयोगशाळेत पाठवायला वस्तू जागेवर हवी. दुकानदार म्हणतो, जुनी बॅटरी द्या, नव्यात पैसे वळते करतो. वाद मिटेपर्यंत ती देऊ नका. तोच तुमचा साक्षीदार आहे. बॅटरी घेताना वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या, बॅटरीवरचा क्रमांक कार्डाशी ताडून पाहा, भुकटीचा फोटो पुसण्याआधी काढून ठेवा.

आमच्या या पट्ट्यातून इंद्रायणी वाहते. वर देहू, खाली आळंदी. तुकोबांनी घरातली कर्जखतं या इंद्रायणीत बुडवली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ती लोकांनी त्यांना जे देणं होतं, त्याची खतं होती. सोडून द्यायला आधी हातात कागद असावा लागतो. आमच्या ड्रायव्हर भावंडांच्या हातात तो नसतोच.

म्हणून एवढीच विनंती. पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरला जाल, तेव्हा हात पुसा, जॉब कार्ड मागून घ्या आणि 'ग्राहकाची तक्रार' हा रकाना वाचा. तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत नसेल, तर पेन मागा आणि स्वतः लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालेल, शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. ती ओळ मात्र तुमची असू द्या. मग खुशाल सही करा.