मी पडायला शिकलो



खेळावर चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मला हसूच आले. मी काही पैलवान नव्हे. पस्तिशी ओलांडलेला, इतिहास-भूगोल शिकवणारा मी एक मास्तर. परंतु गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी मी एसटीने पेणहून नागोठण्यामार्गे रोह्याला जातो आणि तेथे ज्युदो शिकतो. झाले असे की, माझ्या वर्गातील चार मुलांना तेथे जायचे होते. सोबत कोणी मोठे माणूस असावे, असा पालकांचा आग्रह पडला. मी सोबत म्हणून गेलो, बाकावर बसलो. दुसऱ्या रविवारी प्रशिक्षक म्हणाले, "सर, नुसते बसता कशाला? या गादीवर."

मला वाटले, आता डावपेच शिकवतील. पण पहिला महिनाभर त्यांनी फक्त पडायला शिकवले! जपानी भाषेत याला 'उकेमी' म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, श्वास सोडायचा आणि अंग टेकता टेकता दोन्ही हात गादीवर जोरात आपटायचे. म्हणजे आघात एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. घाबरून हात मागे टेकला तर मनगट मोडते. आपल्याकडे 'पडलो तरी नाक वर' अशी म्हण आहे. ज्युदोत नाक वर राहिले तर डोकेच आपटते.

माझे नाक वरच होते. ज्या मुलांना मी वर्गात उभे करतो, त्यांच्यासमोर मी पोत्यासारखा पडत होतो. मुले तोंड फिरवून हसत होती. तेव्हा माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, हनुवटी आत घ्या. मलाही आधी जमत नव्हते." गणितात सतत नापास होणारा हा मुलगा मला न रागावता चार वेळा तेच दाखवत राहिला. इतका धीर मी त्याला कधी दाखवला होता काय?

त्या दिवशी परतताना मला दुसऱ्या एका विद्यार्थ्याची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी मी त्याचे गुण भर वर्गात वाचून दाखवले होते. वर्ग हसला. पुढच्या आठवड्यापासून तो शाळेत आला नाही. मी त्याला पाडले होते. पडावे कसे आणि उठावे कसे, हे मात्र शिकवले नव्हते.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे स्वतः शिक्षक होते, हे मला नंतर वाचनात आढळले. लहानपणी अंगाने किरकोळ म्हणून मुले त्यांना छळत. 1882 साली टोकियोतील एका मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, नऊ विद्यार्थी घेऊन त्यांनी 'कोदोकान' ही संस्था सुरू केली. पुढे शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. 1964 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोला स्थान मिळाले.

पालकांच्या दोन शंका मला ठाऊक आहेत. पहिली वाकण्याची. सरावाच्या आधी व नंतर जोडीदाराला वाकून अभिवादन करतात. धर्माचा निर्णय देणारा मी नव्हे, तो आपण जाणकारांना विचारावा. मी प्रशिक्षकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "हे जोडीदाराचे आभार आहेत. सरावात छातीवर हात ठेवलात तरी माझी हरकत नाही."

दुसरी शंका मुलींची. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सौदी अरेबियाने प्रथमच स्त्री खेळाडू पाठविल्या. त्यांत वोजदान शहरखानी ही सोळा वर्षांची मुलगी डोके झाकून ज्युदो खेळली. तिच्याकडे काळा पट्टाही नव्हता, निळा होता. 82 सेकंदांत ती हरली. पण ती उतरली, म्हणूनच आज आपण तिचे नाव घेतो.

माझा पट्टा अजून पांढराच आहे. मला एकही डाव धड येत नाही. पण मी आता वर्गात गुण मोठ्याने वाचत नाही. त्या मुलाच्या घरीही जाऊन आलो. त्याच्या वडिलांसमोर मी चूक कबूल केली. त्याने आता दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. तो पास होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. नापास झाला तर मात्र या वेळी मी त्याच्या शेजारी असेन.

पालकहो, निकालाच्या दिवशी मुलगा मान खाली घालून दारात उभा राहिला, तर आधी त्याला जेवायला वाढा, हिशेब नंतर. आणि विद्यार्थी मित्रांनो, पडण्याची लाज बाळगू नका.