मलावीच्या शेतात बाजार आला तेव्हा



आफ्रिकेतल्या शेतमजुरांचा विषय इतक्या लांबून कशाला, असं काहींनी आम्हाला विचारलं. अख्ख्या खंडाबद्दल बोलणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून एकच देश घेतला आहे: मलावी.

तिथे पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मक्याचं पीठ शिजवून केलेली न्सिमा हे रोजचं जेवण. शेतं लहान, बैल थोड्यांकडे. जमीन कुदळीनेच करायची. हेस्टिंग्ज बांडा 1994पर्यंत सत्तेवर होते. त्यांच्या काळात बर्ली तंबाखू बड्या मळेवाल्यांनीच पिकवायचा. लहान शेतकऱ्याला कायद्यानेच मनाई! मळ्यावरची कुळं मालकाकडून धान्याची उचल घेत आणि हंगामाअखेर ती तंबाखूच्या हिशेबातून वजा होई. हाती काय उरत असेल, हे सालगडी पाहिलेल्यांना सांगायला नको.

1990च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने सुधारणा झाल्या आणि तंबाखूवरची बंदी उठली. हे न्याय्यच झालं, याबद्दल आमच्यात दुमत नाही. दशक संपेपर्यंत लाखो लहान शेतकरी बर्ली लावू लागले. पण त्याच सुधारणांत खताची सवलतही गेली.

आता मजुरीकडे येऊ. तिथे ‘गान्यू’ म्हणून पद्धत आहे, आपल्या उक्त्या कामासारखी. इतक्या सऱ्या खुरपून द्यायच्या, इतका मका किंवा पैसे घ्यायचे. तंबाखूची लावण आणि मक्याची पेरणी, दोन्ही पहिल्या पावसातली. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत शेतात तण माजतं आणि नेमकी तेव्हाच घरातली कणगी रिकामी होते. खत परवडत नाही, त्यामुळे ती आधीच अर्धीमुर्धी भरलेली. मग ज्याच्या घरी धान्य नाही तो, आणि बरेचदा ती, सकाळीच दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जाते. स्वतःचा मका तणातच राहतो. पीक कमी येतं, पुढच्या वर्षी कणगी आणखी लवकर संपते. याला आळस म्हणणारे तिथेही आहेतच.

2001-02मध्ये मक्याचे भाव कडाडले. गान्यू मागणारे हात वाढले आणि दिवसभराच्या कामाला मिळणारा मका घटला. बाजाराच्या हिशेबात ते अगदी बरोबर होतं. माणसं मात्र भुकेने मेली.

2005-06पासून सरकारने सवलतीच्या खताची कुपनं वाटायला सुरुवात केली. काहींनी ती विकून टाकली. कुपन दाखवूनही पोत्यामागे थोडी रक्कम भरावीच लागे, आणि ती मिळवायची म्हणजे पुन्हा गान्यूच.