गोळी बंद करण्यापूर्वी…



२०२० च्या उन्हाळ्यात साठीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. रक्तदाब आणि कमजोर हृदय यांसाठी ते बारा वर्षं नेमानं गोळ्या घेत. पण ‘या गोळीनं कोरोना बळावतो’ असं कुणीसं सांगितलं, म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली होती. तीन आठवड्यांनी आले ते धापा टाकत. पायांवर सूज होती. कोरोनाची चाचणी निगेटिव्ह आली. हृदय मात्र थकलं होतं.

त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. हा विषाणू पेशीत शिरताना एसीई-टू या प्रथिनाचा आधार घेतो आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी औषधं त्याच यंत्रणेशी निगडित आहेत. तेव्हा ब्राझीलमध्ये कोविड झालेल्या ६५९ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांची ही औषधं महिनाभर थांबवली, बाकीच्यांची चालू ठेवली. २०२१ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषध थांबवून काहीही फायदा झाला नाही.

कोविडमध्ये हृदयावर ताण येतो तो तीन वाटांनी. ताप आणि कमी प्राणवायू यांमुळे हृदयाला अपुऱ्या शिदोरीवर जास्त राबावं लागतं. शरीरातल्या दाहामुळे कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढल्यानं हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकू शकते. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार असलेल्यांना हा धोका अधिक. रुग्णालयात ईसीजी, ट्रोपोनिन ही रक्तचाचणी आणि गरजेप्रमाणे इको करून डॉक्टर यांतलं काय घडतंय ते पाहतात आणि त्यानुसार उपचार ठरवतात.

गोळी मनानं बंद करणं ही एक चूक, तर मनानं सुरू करणं ही दुसरी. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी औषधांच्या दुकानांत झुंबड उडाली. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत त्याचा रुग्णांना उपयोग दिसला नाही. उलट हृदयाची लय बिघडवण्याचा दोष त्या औषधात आहे. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले, पण प्राणवायूची गरज नसलेल्यांना लाभ झाला नाही. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांचंही तसंच. रुग्णालयात, योग्य रुग्णाला ती तारतात. घरी मनानं घेतली तर रक्तस्राव ओढवू शकतो.

मग आपण काय करायचं? कोविड झाला तरी रोजच्या गोळ्या चालू ठेवाव्यात आणि त्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. जुलाब होत असतील, चक्कर येत असेल, रक्तदाब उतरला असेल, तर मात्रा बदलावी लागते. पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक धाप, घाम, शुद्ध हरपणं यांपैकी काही झालं तर ‘पित्त असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. लगेच १०८ ला फोन करावा. टाळेबंदीत रुग्णालयाच्या भीतीनं अनेकांनी हीच वेळ दवडली. बरं झाल्यावर चालण्यापासून हळूहळू सुरुवात करावी. हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, तर तीन ते सहा महिने दमछाक करणारा व्यायाम नको.

जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्ये संपली. विषाणू मात्र गेलेला नाही. ते गृहस्थ सावरले. त्यांच्या गोळ्यांच्या डबीवर आता सूनबाईंनी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘विचारल्याशिवाय बंद नाही.’ अशी एक चिठ्ठी आपल्याही घरी असावी.